नकाशावरचा नारळ

दसऱ्याचा दिवस, सकाळचे साडेदहा. रक्कम अकरा हजार एक रुपये, रोख. हजर: अण्णा, माझा भागीदार मित्र, माझी बायको आणि मी. जागा जालना एमआयडीसीतल्या अण्णांच्या बियाणे कारखान्याचं ऑफिस. एवढं नेमकं लिहितो, कारण पुढे जो वाद झाला त्यात तारखेबद्दल, रकमेबद्दल किंवा हजर माणसांबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ते पैसे कशाचे होते, एवढाच प्रश्न होता.

अण्णा मूळचे अंबड तालुक्यातले शेतकरी, कापसाच्या बियाण्याच्या धंद्यात वर आलेले. वडीगोद्रीला हायवेला लागून त्यांची अडीच एकर जागा होती आणि तिथे त्यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं. त्याचा नकाशा मी काढला होता. त्या दिवशी ते मला त्याच कामावर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून नोकरीला घेत होते. पगार महिना पंचावन्न हजार.

कारखाना बंद होता. यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या, सगळीकडे बियाण्याला लावायच्या औषधाचा वास. मित्राने माझ्या नकाशाची सुरळी टेबलावर उलगडली आणि कोपरे वळू नयेत म्हणून त्यांवर स्टेपलर, फोन, तांब्या असं हाताला लागेल ते ठेवलं. अण्णा नारळ घेऊन माझ्याकडे वळले होते. तेवढ्यात मित्र म्हणाला, "इथं ठेवा अण्णा, नकाशावर." अण्णांनी नारळ नकाशाच्या मधोमध ठेवला, त्याला टेकवून नोटा ठेवल्या आणि वर एक रुपयाचं नाणं. मी म्हणालो, रुपयाची काय गरज होती.

"वरचा रुपया न्हाई दिला तर व्यवहार तिथंच संपतो, साहेब," अण्णा म्हणाले. "आपल्याला तर पुढं चालवायचाय."

सगळे हसले. मी पैसे कपाळाला लावले आणि बायकोकडे दिले.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वडिलांची मेंढरं होती, लहानपणी ती त्यांच्याबरोबर बाजाराला गेलेली आहे. परतताना गाडीवर मागे बसून ती म्हणाली, "अहो, नोकरी तुम्हाला दिली ना? मंग नारळ तुमच्या हातात का न्हाई दिला?"

मी म्हणालो, नकाशा काय आणि मी काय, एकच. ती म्हणाली की, तिचे वडील मेंढरू विकायचे तेव्हा गिऱ्हाईक पैसे आधी मेंढराच्या पाठीला लावायचं आणि मग वडिलांच्या हातात द्यायचं. मी तिला म्हणालो, मी मेंढरू नाही. त्यावर ती हसली आणि विषय संपला. घरी जाऊन आम्ही त्या पैशांतून मुलीच्या दहावीच्या क्लासचा दुसरा हप्ता भरायचं ठरवलं. बायकोने नारळ देव्हाऱ्यात ठेवला.

आता मी आर्किटेक्टचा मॅनेजर कसा झालो ते सांगतो. मित्र आणि मी शेजारच्या शहरातल्या कॉलेजात एका वर्गात होतो. पास झाल्यावर बाकीचे पुण्याला गेले, आम्ही दोघे जालन्याला परत आलो आणि एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन ऑफिस थाटलं. बोर्डावर दोघांची नावं. मी नकाशे काढायचो. मित्र गिऱ्हाइकं आणायचा, नगरपालिकेतून परवानग्या काढायचा आणि पैसे वसूल करायचा. मला माणसांकडे पैसे मागता येत नाहीत, त्याला येतात. कामाची वाटणी त्यावरून झाली होती आणि चौदा वर्षं ती नीट चालली.

आमच्याकडे आर्किटेक्टला इंजिनेर म्हणतात. नकाशाचे पैसे सांगितले की लोक मनापासून चकित होतात. वीट मोजता येते, सळई तोलता येते, मिस्त्री उन्हात उभा दिसतो. आमचा तर कागद. घरावर पंचवीस-तीस लाख घालणारा माणूस नकाशाच्या वीस हजारांवर तासभर घासाघीस करायचा आणि शेवटी म्हणायचा, वरचं मिस्त्री सांगतो तसं करू. लेखी करार आम्ही कधी केला नाही, कुणी करतही नव्हतं. चांगला दिवस बघून गिऱ्हाईक यायचं, नकाशावर नारळ आणि काही रक्कम ठेवायचं, आणि काम ठरलं असं धरायचं. चांगल्या महिन्यात माझ्या वाट्याला तीस हजार यायचे. घराचा हप्ता साडेचौदा हजार होता. वाईट महिन्यांत घर बायकोच्या पगारावर चाललं.

अण्णांचं काम हे आमचं पहिलं मोठं काम. मला ते काम मनासारखं करायचं होतं. आमच्या भागातली बहुतेक लग्नं एप्रिल-मे महिन्यांत होतात, आणि कार्यालय म्हणजे पत्र्याचा किंवा स्लॅबचा भट्टीसारखा हॉल. दसऱ्याआधीच्या मे महिन्यात मला जेवढ्या लग्नांची आमंत्रणं आली तेवढ्या लग्नांना मी खिशात थर्मामीटर घेऊन गेलो. बायकोला त्याची लाज वाटायची. हॉलमध्ये पारा बाहेरच्या सावलीपेक्षा चार-पाच अंश जास्तच असायचा. अक्षता पडल्या की माणसं हॉल सोडून जिथे सावली आणि वारा असेल तिथे जायची. म्हातारी माणसं चपलांच्या ढिगाशेजारी बसायची. बाया लेकरांना पाजायला जिन्याखाली जायच्या. पंगतीची वाट बघत शे-दीडशे माणसं भिंतीला चिकटून उभी असायची.

म्हणून मी हॉल साठ बाय एकशे दहा काढला आणि पश्चिमेला, हायवेच्या बाजूला, पूर्ण लांबीभर चौदा फूट खोल व्हरांडा दिला. त्याला बसायला बांधीव कट्टा. हॉलच्या भिंतीत वर विटांची जाळी, म्हणजे गरम हवा वरून जाईल आणि व्हरांड्यातून गार होऊन येणारी हवा खालून आत येईल. दुपारचं ऊन हॉलच्या भिंतीला लागणारच नाही. व्हरांड्याचे कॉलम मला पंधरा-सोळा फुटांवर हवे होते, मोकळं दिसावं म्हणून. मित्राने ते दहा फुटांवर घ्यायला लावले. बीमचं लोखंड वाचेल म्हणाला. हिशोब त्याचा बरोबर होता, मी मान्य केलं.

नोकरीची कल्पनाही त्यानेच आणली. अण्णांना जागेवर भरवशाचा माणूस पाहिजे होता. मित्र मला म्हणाला, "आजपर्यंत आपण नकाशा दिला आणि मिस्त्रीनं त्याचं वाटोळं केलं. आता तूच साइटवर राहशील. तुझ्या व्हरांड्याला कोण हात लावतो ते बघू." ऑफिस तो सांभाळणार, बोर्डावर दोघांची नावं तशीच राहणार. नकाशाची वेगळी फी मी अण्णांकडे मागितली नाही, ती पगारात आली असं मी धरलं. पण नकाशा देऊन टाकला असं मी धरलं नव्हतं. हा फरक कुणाला बोलून दाखवावा, असं मला तेव्हा सुचलं नाही.

काम मला आवडलं, हे लिहायला हवं. आर्किटेक्ट रेघ मारतो आणि वाट बघतो. मॅनेजरला वाट बघता येत नाही. सकाळी सात वाजता साइटवर, पाण्याचे टँकर, सिमेंटच्या थप्प्या, सेंट्रिंगवाल्यांची हजेरी, एमआयडीसीतल्या मिलमधून येणाऱ्या सळईचं वजन. पहिल्या महिन्यात मला सगळ्यांनी फसवलं, तिसऱ्या महिन्यात कुणी नाही. पाया दिलेल्या मुदतीच्या सहा दिवस आधी वर आला. अण्णा येऊन जोत्यावर चालून गेले आणि म्हणाले, "बराबर चाललंय." व्हरांड्याचे बारा कॉलम एका रांगेत उभे राहिले तेव्हा मी संध्याकाळी त्यांच्यामध्ये उभा राहून बघितलं. हॉलच्या भिंती अजून नव्हत्या, पण वारा मी म्हटलं होतं तिथूनच येत होता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सुधारित नकाशा आला. व्हरांडा नव्हता. त्या जागी दहा बाय चौदाचे अकरा गाळे होते, शटर हायवेकडे. विटांची जाळी गेली होती, कारण तिच्यासमोर आता गाळ्यांच्या पोटमाळ्याची भिंत होती. खाली सही एकट्या मित्राची.

मी नकाशा तीनदा वाचला. पायाचं एकही फुटिंग वाया जात नव्हतं, एकही कॉलम हलत नव्हता. माझे बारा कॉलम तसेच, त्यांच्यामध्ये भिंती आणि पुढे शटर. दहा फूट म्हणजे बरोबर एका गाळ्याची रुंदी. बीमचं लोखंड वाचवायचा आग्रह मला तेव्हा आठवला. चूक माझीच होत असेल असं म्हणून मी तो विचार बाजूला ठेवला.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, अण्णांनी सांगितलं म्हणून केलं, तुला माहीत असेल असं वाटलं. मी अण्णांकडे गेलो. एव्हाना ते मला साहेब म्हणायचे थांबले होते.

"मॅनेजर, व्हरांड्याचं भाडं काय येतंय?"

काही नाही, म्हणालो.

"गाळ्याचं येतंय. डिपॉझिटबी येतंय."

मी त्यांना थर्मामीटरचे आकडे सांगितले. मे महिन्यात माणसं हॉलमध्ये बसणार नाहीत, हेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कूलर लावू," ते म्हणाले. "खर्चा मी करून राह्यलो ना? तुम्ही फक्त मुदत बघा."

खरं तर त्यांचंही चूक नव्हतं. जागा त्यांची, पैसा त्यांचा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला नवा नकाशा समजावून सांगितला आणि कॉलमांच्यामध्ये विटा रचायला लावल्या. साइटवर राहून व्हरांडा राखायला मी आलो होतो, आणि तो बुजवायचं काम मीच वेळेत पूर्ण करत होतो. नोकरी सोडायचा विचार आला, पण घराचा हप्ता होता आणि मुलीची परीक्षा होती. मनाची समजूत अशी घातली की, बांधकाम त्यांचं, नकाशा माझा. वडीगोद्रीला नाही तर दुसरीकडे कुठे तरी तो उभा राहील.

ती संधी फार लवकर आली. बदनापूरचे दोन भाऊ साइट बघायला आले. स्टेशनकडे त्यांची जमीन होती आणि त्यांना लहान कार्यालय बांधायचं होतं. मी त्यांना मूळ नकाशा दाखवला. थोरल्याने व्हरांड्यावर बोट ठेवून विचारलं, हा कशाला? मी सांगितलं. तो धाकट्याला म्हणाला, "आपल्या आईला त्या लग्नात कुठं बसवलं होतं, आठवतं का?" पुढे मला जास्त बोलावं लागलं नाही. त्यांना तोच नकाशा हवा होता, थोडा लहान करून.

मी लगेच मित्राला फोन करून सांगितलं. काम आपल्या ऑफिसातून करू, मी रविवारी बसून नकाशे काढतो, फी निम्मी निम्मी. तो म्हणाला, बघू. आठ दिवसांनी अण्णांनी ऑफिसात बोलावलं. मी गेलो तेव्हा मित्र आधीच आलेला होता. दसऱ्याला बसला होता त्याच खुर्चीत बसला होता. समोर माझा नकाशा पसरलेला.

अण्णा आवाज न चढवता बोलले. मी त्यांचा नकाशा परस्पर दुसऱ्याला द्यायला निघालोय असं त्यांना कळलं होतं. मी म्हणालो, नकाशा माझा आहे.

"इकत घेतलाय मी," ते म्हणाले. "दसऱ्याला. तुमच्या मंडळींसमोर. अकरा हजार एक."

मी म्हणालो, ते नोकरीच्या मुहूर्ताचे होते. मला खात्री होती की, मित्र आता बोलेल. माझ्या बाजूने नाही तरी जे झालं ते तरी सांगेल. मी त्याच्याकडे बघितलं. तो नकाशाकडे बघत होता.

"आपल्या ऑफिसात लोक नारळ कुठं ठेवायचे?" त्याने मला विचारलं.

उत्तर त्यानेच दिलं.

"नकाशावर. आणि तो कशाचा असायचा? चौदा वर्षं आपण काय धरत आलो? त्या दिवशी नारळ नकाशावर ठेवला, तू पैसे उचललेस, कपाळाला लावलेस. तेव्हा काही म्हणाला नाहीस."

"तिथे ठेवायला तूच सांगितलंस," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "मीच सांगितलं."

पुढे कळलं ते थोडक्यात असं. माझ्या फोननंतरच्या आठ दिवसांत तो बदनापूरच्या भावांना भेटून आला होता. त्यांच्या कार्यालयात अण्णा पैसा घालणार होते. नकाशा माझाच, लहान केलेला, व्हरांडासुद्धा ठेवलेला, कारण थोरला भाऊ त्यावर अडून बसला होता. सही मात्र मित्राची. परवानगीसाठी नकाशा दाखलही झाला होता. म्हणजे माझा व्हरांडा बांधला जाणार होता, फक्त तो माझा नसणार होता.

कायद्याने नकाशा काढणाऱ्याचाच असतो, हे मला माहीत आहे. आम्हा दोघांना कॉलेजात ते एकाच बाकावर शिकवलं होतं. पण माझ्याकडे एक ओळ लेखी नव्हती, आणि नारळाचा अर्थ काय हे कोर्टात सांगायला माझ्या बाजूने माझी बायको सोडून कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या पैशांचं आणि त्या सहीचंही इतकं लागलं नाही. 'मीच सांगितलं' हे तो ज्या सहजपणे म्हणाला त्याचं लागलं. एखादी गोष्ट लपवली तर निदान तिची लाज वाटते असं तरी म्हणता येतं.

घरी सांगितलं तेव्हा बायको मेंढरांबद्दल काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं, "किती दिवस काम राहिलंय?" अडीच महिने, म्हणालो. ती म्हणाली, मग काम पुरं करा, अर्ध्यातून सोडलं म्हणायला त्यांना जागा नको. मी तसंच केलं. त्या अडीच महिन्यांत मित्र चार वेळा साइटवर आला. आम्ही सळईच्या व्यासाबद्दल आणि शटरच्या रंगाबद्दल बोललो.

वास्तुशांत मे महिन्यात झाली आणि त्याच मुहूर्तावर अण्णांच्या पुतण्याचं लग्न. आमच्याकडे वास्तूला काम करणाऱ्यांना आहेर करतात. मित्राला आर्किटेक्ट म्हणून पुकारून पूर्ण पोशाख दिला, फेटा बांधला. मला आणि मिस्त्रीला टॉवेल-टोपी. मिस्त्री माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, आपला साईज एकच निघाला." त्या दिवशी मी हसलो ते तेवढंच.

दुपारी दीड वाजता हॉलमध्ये कूलरचा आवाज आणि घामाचा वास एवढंच उरलं. अक्षता पडल्या आणि माणसं बाहेर आली. बाहेर गाळ्यांच्या शटरवर दोन फुटांचा छज्जा होता. त्याच्या सावलीत पाठी शटरकडे करून एकशे दहा फूट माणसं उभी राहिली. शटर तापलेलं होतं, त्यामुळे टेकताही येत नव्हतं. एक म्हातारी गाळ्याच्या पायरीवर पदर डोक्यावर ओढून बसली होती. अण्णांनी ते बघितलं आणि मला बोलावलं.

"मॅनेजर, इथं पुढं मंडप टाकून घ्या. जल्दी."

किती खोल टाकू, मी विचारलं.

"टाका की दहा-पंधरा फूट."

मी मंडपवाल्याला चौदा फूट सांगितलं. त्या साइटवर मी दिलेली ती शेवटची सूचना. आता मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गोदामांच्या कामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. नेमणूक दोन पानी, लेखी. नकाशे दुसरे कुणी काढतं. ते मी जसेच्या तसे उभे करतो, एक इंचही बदलू देत नाही, त्यामुळे आर्किटेक्ट लोकांना मी चांगला वाटतो.

त्याआधी, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, मी बायकोला घेऊन एमआयडीसीत गेलो. तिच्या वडिलांकडे विकलेलं जनावर परत घ्यायची एक रीत होती. घेतली तेवढी रक्कम परत करायची, पण विकताना जी माणसं हजर होती तीच हजर पाहिजेत. तिने ते मला सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. कागदावरच्या करारापेक्षा त्यात निदान माणसांची तोंडं तरी बघावी लागतात. म्हणून मी आदल्या दिवशी मित्राला फोन करून अमुक वेळी अण्णांच्या ऑफिसात ये, एवढंच सांगितलं होतं. तो आला.

मी टेबलावर राजीनामा ठेवला. मग अण्णांना नकाशा मागितला. त्यांनी तो कपाटातून काढून दिला, फार विचार केला नाही. "घेऊन जा. आता त्याचं काय काम हाय?" ते म्हणाले. मित्र म्हणाला, "भाऊ, हे कशासाठी करतोयस? तुला त्याचा काही उपयोग नाही." तो बरोबर बोलत होता. मी सुरळी उलगडली नाही, बायकोच्या हातात दिली आणि पैसे टेबलावर ठेवले. नारळ बायकोने देव्हाऱ्यातून आणला होता, सुकून आत खुळखुळत होता. तो तिने पैशांजवळ ठेवला.

अण्णांनी सवयीने नोटा मोजल्या. नारळ उचलून त्याखाली बघितलं.

"एक रुपया कमी हाय, मॅनेजर."

"तो वरचा आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मित्राकडे, आणि नोटा खणात टाकल्या. मित्र खुर्चीतून उठला नाही.

अकरा हजार रुपये, रोख, अण्णांना दिले. हजर: अण्णा, मित्र, माझी बायको आणि मी. वरचा रुपया कुणालाच दिला नाही.